पक्ष्याच्या पायात वलय, कडी की वाळा?

प्रश्न: ऑक्टोबरात तामिळनाडूतल्या कोडियाकराईला, म्हणजे पॉइंट कॅलिमेरला, पक्ष्यांच्या रिंगिंगला, म्हणजे पकडलेल्या पक्ष्याच्या पायात नंबराची रिंग घालून त्याला सोडण्याच्या कामाला, मदतनीस म्हणून पंधरा दिवस राहून आलो. टिपण लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत अडलोय. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्याकडे हे काम १९२७ साली सुरू केलं, पण मराठीत त्याला म्हणायचं काय? एकाने 'वलयांकन' सुचवलं. 'वलयांकित टिलवा' (टिलवा म्हणजे पाणथळीतला एक छोटा पक्षी) लिहिलं की त्याची दिवाळी अंकात मुलाखत आल्यासारखं वाटतं.

उत्तर: वलय तेजाचं असतं, नाहीतर धुराचं. ते पायात कसं घालणार? 'कडी' म्हटली की दार आठवतं, 'अंगठी' बोटातली. माझं मत 'वाळा'. तान्ह्या बाळाचा वाळा पायात फिरतो, वरखाली सरकतो, पण पावलावरून निसटत नाही. रिंगही तशीच बसावी लागते. आवळली तर पाय कापते, ढिली राहिली तर बोटांवर उतरते. दोन्हींचं तोंड उघडंच असतं; वाळा हाताने दाबतात, रिंग पकडीने. डेन्मार्कच्या मॉर्टेनसेनने १८९९ मध्ये स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे वाळेच घातले की!

आणखी एक: माठात टाकायचा वाळा वेगळा, पण तो संदर्भाने कळतो. फक्त 'वाळांकन' करू नका म्हणजे झालं.

प्रश्नकर्ता: 'वाळा घालणे' पक्कं. आता मिस्ट नेट, म्हणजे पक्षी पकडायला दोन काठ्यांमध्ये लावतात ते बारीक जाळं. 'धुकेजाळे' मला पटत नाही, कारण तिथे धुक्यापेक्षा झोळ महत्त्वाचा. आडव्या दोऱ्या ताठ, त्यांच्यामधलं जाळं मुद्दाम सैल. पक्षी धडकतो आणि खालच्या झोळात पडतो. पहिल्या संध्याकाळी मिठागराच्या बांधावर मी जाळं पलंगाच्या नवारीसारखं ताणून बांधलं. वीस-पंचवीस ग्रॅमचा छोटा टिलवा त्यावर आपटला आणि चेंडूसारखा मागे उडून पसार. आमच्या म्होरक्याने काही न बोलता काठी वीतभर अलीकडे आणून रोवली. म्हणून 'झोळजाळं' कसं वाटतं?

उत्तर: छान आहे. मुंबईकर मात्र 'यात काहीतरी झोल आहे' म्हणणार. टिलव्याच्या बाजूने पाहिलं तर आहेच.