रानडुकरांसाठी परवडणारी बोल्ट रायफल (हाताने दांडा मागे-पुढे सरकवून गोळी भरायची बंदूक) कोणती?

राहायला लालबागला, भातशेती लांज्याला. रानडुकरांनी एका रात्रीत दोन वाफे लोळवले. चिखलात रुतलेल्या लोंब्या बघून आईला रडू आवरेना. शस्त्र परवान्याचा अर्ज दिलाय. बजेट बेताचं. .३१५ बोअरची (नळीचा व्यास इंचात) घेऊ की लहान .२२ ची?

उत्तर: दादा, .२२ नकोच. डुक्कर जखमी होऊन झुडपात तडफडत राहतं, ते पाप नको. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बघा, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घडणीची, दणकट. जुनी घेताना बोल्ट (तो सरकता दांडा) काढून नळी उजेडाकडे धरा. आत गंजाचे ठिपके दिसले तर सरळ सोडा.

उत्तर: आधी वनखात्याची लेखी परवानगी काढा. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

प्रश्नकर्ता: सोमवारीच वनखात्यात अर्ज देतो. तोवर बांधाला कुंपण घालतो.