पगाराच्या दिवशी सोप सर्व्हिस गुदमरते, सिक्युरिटी पॉलिसी काढू का?

सांगलीकर_जावा:
नमस्कार मंडळी. आमची पगार जमा करण्याची सोप (एक्सएमएल मेसेजवर चालणारी) सर्व्हिस आहे, अपाचे सीएक्सएफ या जावा लायब्ररीवर. ऑडिटमध्ये शेरा आला म्हणून सिक्युरिटी पॉलिसीत असिमेट्रिक बाइंडिंग घातलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आपापल्या की-जोडीने सही आणि एन्क्रिप्शन. ४०९६ बिटांची आरएसए की, अख्खी बॉडी साइन आणि एन्क्रिप्ट. टेस्टिंगला सगळं सुरळीत. १ तारखेला १०,००० खात्यांचा एकच मेसेज आला आणि चारही कोअर शंभर टक्क्यांवर. थ्रेड डंपमध्ये (कुठला थ्रेड काय करतोय त्याची नोंद) जिकडेतिकडे कॅनॉनिकलायझेशन, म्हणजे सहीसाठी एक्सएमएल ठरावीक रूपात आणणं. टीएलएस (जोडणीवरचं एन्क्रिप्शन) आहेच, मग पॉलिसीच काढू का? माणसं पगाराची वाट बघत असतात हो, जीव वरखाली होतो.

जुना_सोपवाला:
घाईने काढू नका. आरएसएचा खर्च मेसेजमागे ठरलेला: मेसेजसोबत आलेली एन्क्रिप्टेड की उघडायला एकदा, उत्तरावर सही करायला एकदा. खातं एक असो की दहा हजार. २०४८ वर आणलीत तर तो सहा-सातपट कमी होईल, ‘ओपनएसएसएल स्पीड’ ही वेगाची चाचणी चालवून स्वतःच बघा. पण तुमचा डंप वेगळंच सांगतोय. एक्सएमएल एका ठरावीक रूपात आणून मग हॅश काढायचा, हे काम मेसेजच्या आकाराबरोबर वाढतं. त्यात अख्खा मेसेज डॉम झाड म्हणून मेमरीत उभा राहतो. सीएक्सएफ ३.० पासून स्ट्रीमिंग (मेसेज वाचता वाचताच तपासणं) आहे, ते चालू करा. आणि फक्त खाते क्रमांक एन्क्रिप्ट करायला जाऊ नका, दहा हजार वेगळे तुकडे होतील.

ठाणे_लोकल:
टीएलएस कुठे संपतं ते आधी तपासा. लोड बॅलन्सरवरच (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रावर) उघडत असेल तर पुढे पगाराचे आकडे उघडे फिरतात. सिक्युअर कन्व्हर्सेशन (सुरुवातीला एक सामायिक की ठरवून पुढे तीच वापरणं) हलकं पडतं, पण त्यात सही दोघांकडे असलेल्या एकाच कीने होते. ‘ही फाइल तुम्हीच पाठवली’ हे तिसऱ्याला पटवता येत नाही. पगाराच्या कामात मी ते घेणार नाही. आणि पॉलिसीतला अल्गोरिदम सूट बेसिक२५६ असेल तर त्यातलं एन्क्रिप्शन सीबीसी पद्धतीचं आहे. एक्सएमएल एन्क्रिप्शनमधलं सीबीसी फुटतं हे २०११ मध्येच दाखवून झालंय. त्याऐवजी जीसीएम पद्धत घ्या.

सांगलीकर_जावा:
तपासलं. टीएलएस लोड बॅलन्सरवरच संपतंय, म्हणजे पॉलिसी राहणार. स्ट्रीमिंग चालू केलं, पाठवणाऱ्यांना ५००-५०० खात्यांचे मेसेज करायला सांगितलं. आज जुनीच फाइल तशी तोडून टेस्टवर चालवली, सीपीयू निम्म्याच्या खाली राहिला. मेसेज वाढले तसा आरएसएचा खर्चही वाढला, म्हणून ऑडिटरकडे ३०७२ मागितलीय. ती १२८ बिटांच्या सुरक्षेच्या तोडीची धरतात, एवढं त्यांना पुरावं. जीसीएमसाठी समोरच्यांची लायब्ररी जुनी आहे, उद्या त्यांच्याशी बोलतो.