कढीपत्त्यावरच्या अळ्या राहू द्या
कढीपत्त्यावरच्या अळ्यांसाठी कोणतं औषध फवारू, असं विचारलंत. थांबा जरा! चैत्रात कोवळी पालवी फुटली की काळी-पिवळी लिंबू फुलपाखरं तिथे अंडी घालतात. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली तर डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते, मुलांना दाखवाच. झाड पुन्हा फुटतं, आमटीपुरती पानं उरतात. शेजारी लिंबू असेल तर राणी पाकोळीही येईल, २०१५पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. आणि जास्वंदीच्या फुलाला बुडाशी भोक दिसलं तर किडीवर आळ घेऊ नका, बहुतेक शिंजीर हा चिमुकला पक्षी असणार. समोरून चोच घालायचा कंटाळा, बाहेरूनच मध चोरतो लबाड.