मदत हवी आहे: लुडविग बेक यांच्या कारकिर्दीतील तारखा

जर्मन जनरल लुडविग बेक (जन्म 1880) यांचा सेवातक्ता करतोय. 1933 ते 1938 सोपं आहे: ऑक्टोबर 1933 मध्ये ट्रुपेनआम्टचे (व्हर्सायच्या तहाने जनरल स्टाफवर बंदी असल्याने त्याचंच काम दुसऱ्या नावाने करणारी कचेरी) प्रमुख, आणि 1935 मध्ये त्याच कचेरीला उघडपणे जनरल स्टाफ म्हटल्यावर तिचे प्रमुख. घोडं अडतं ते शेवटाला. चेकोस्लोव्हाकियावरच्या हल्ल्याला विरोध म्हणून राजीनामा 18 ऑगस्ट 1938 ला, त्यांच्या जागी आलेले जनरल हाल्डर यांच्याकडे सूत्रं ऑगस्टअखेर, पण हिटलरने बातमी दाबून ठेवल्यामुळे सेवानिवृत्ती 31 ऑक्टोबरला. मधल्या काळात पहिल्या आर्मीचं सेनापतिपद, तेही नावापुरतंच. त्यामुळे याद्यांत तारखा जुळत नाहीत. मी पदभार सोडल्याची आणि सेवानिवृत्तीची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत देतोय. कुणी याहून बरी पद्धत वापरतं का?

दुसरी अडचण 1918 पूर्वीची. बेक ज्यात होते त्या प्रशियन सैन्याची बहुतेक कागदपत्रं एप्रिल 1945 च्या पॉट्सडॅमवरील बॉम्बहल्ल्यात जळाली. (बव्हेरियन अधिकारी असते तर म्युनिकमध्ये फाईल मिळाली असती, त्या सैन्याची कागदपत्रं तिथे वेगळी आहेत!) 1914 पर्यंत छापील रांगलिस्टवर (अधिकाऱ्यांची हुद्देवार यादी) भागतं, पुढच्या चार वर्षांतल्या स्टाफ नेमणुकांसाठी काय पाहावं? फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारातले बेक यांचे खासगी कागद कुणी चाळले असतील, तर त्यांत पहिल्या महायुद्धकाळातलं काय आहे ते सांगा. फ्राक्टुर (जुनी जर्मन छापील लिपी) वाचता येते, जुनं जर्मन हस्तलेखन मात्र नाही.