ई-सायकल घेताय? आधी मागचं चाक काढून बघा

नटबोल्ट

पॅडल आपण मारायचं आणि मोटरने साथ द्यायची, त्या ई-सायकलबद्दल लिहितोय. कामावर जायला-यायला घ्यायची म्हटली की जो तो आधी रेंज विचारतो, मग मोटर किती वॅटची ते विचारतो. चार वर्षं रोज चालवल्यावर माझं मत झालंय की हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा: मागचं चाक पंक्चर झालं तर रस्त्याच्या कडेला मला ते काढता येईल का?

पहिल्याच वर्षी भर पावसात माझं मागचं टायर बसलं. हब मोटरची सायकल, म्हणजे मोटर चाकाच्या तुंब्यातच. जवळ नवी ट्यूब होती, पंप होता, साध्या सायकलचा १५ नंबरचा पानाही होता. इथे नट निघाला १८ नंबरचा. २४ किलोची सायकल सहा किलोमीटर ढकलत आणली. घरी चाक काढायला बसलो तेव्हा कळलं की नट सुटणं हे निम्मंच काम. मोटरची वायर फ्रेमला तीन ठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली, कनेक्टर फ्रेमच्या आडोशाला, आणि अ‍ॅक्सलवर दोन्हीकडे नख असलेले वॉशर. ती नखं खाचेत नीट बसली नाहीत तर मोटरने जोर लावला की अ‍ॅक्सलच फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. वायरचं तोंड खाली ठेवायचं आणि तिला थोडा झोळ द्यायचा, म्हणजे पाणी ओघळून खाली पडतं, मोटरमध्ये शिरत नाही. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगतो, साधी गिअर असलेली हब मोटर घ्या. टायर, ब्रेक पॅड सर्रास मिळणाऱ्या मापाचे असावेत, बॅटरी काढता यावी. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणा, मागचं चाक काढून परत बसवून दाखवा. तो टाळाटाळ करायला लागला तर तिथूनच परत फिरा.

चढाचीवाट

चाकाचं पटलं. पण त्यावरून सरसकट हब मोटर घ्या म्हणणं मला अजिबात पटत नाही.

माझ्या रस्त्यावर एक लांब, खडा चढ आहे, साधारण १२ टक्क्यांचा. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १२ मीटर वर. मी, सायकल आणि पाठीवरची बॅग मिळून १०० किलो धरा. हे वजन ताशी १० किलोमीटर वेगाने त्या चढावर न्यायला सव्वातीनशे वॅटच्या आसपास ताकद लागते. माझे पाय दम न लागता शंभरएक वॅट देतात, उरलेलं सगळं मोटरवर. हब मोटर चाकाच्या वेगाशी बांधलेली. चाक हळू फिरतंय म्हणजे मोटरही रेंगाळतेय, आणि वीज ताकदीऐवजी उष्णतेत जातेय. माझ्या आधीच्या सायकलच्या मोटरला चढ संपल्यावर हात लावला तर चटका बसायचा.

आता मिड-ड्राइव्ह आहे. मोटर पॅडलपाशी, तिचा जोर चेनमधून जातो, म्हणजे गिअरचा फायदा मोटरलाही मिळतो. चढाला हलका गिअर टाकला की मोटर तिच्या सुखाच्या वेगाने फिरत राहते. शिवाय मागचं चाक साध्या सायकलसारखं, त्याला ना वायर ना नख. तुमच्याच कसोटीवर माझी सायकल जास्त मार्कांनी पास होते, नटबोल्ट.

नटबोल्ट

चाकाचा मुद्दा मान्य. पण चेनचं काय? मोटरचा सगळा जोर चेनवर पडतो, ती किती टिकते? आणि मिड-ड्राइव्ह बिघडली तर बहुतेक वेळा त्याच कंपनीचा भाग, त्याच कंपनीचा कारागीर. माझा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, जळला तेव्हा त्याच व्होल्टचा, त्याच कनेक्टरचा दुसऱ्या कंपनीचा आणून एका संध्याकाळी बसवला होता. दुसऱ्या दिवशी सायकलनेच कामावर गेलो. रोजच्या वापरात हेच बघावं लागतं.

चढाचीवाट

चेन लवकर झिजते, खरं आहे. म्हणून मी ती मोजते. स्टीलची पट्टी घ्यायची, चेन ताणून धरायची आणि एका पिनेच्या मध्यापासून मोजायला लागायचं. नव्या चेनचे २४ सांधे बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ ला पोचली की मी चेन बदलते. तेव्हा बदलली तर मागचे दाते वाचतात, नाहीतर चेनबरोबर कॅसेटही, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संचही, जातो. गिअर बदलताना क्षणभर पॅडलवरचा जोर काढला तरी चेनचं आयुष्य बरंच वाढतं. कंपनीवर अवलंबून राहावं लागतं, तिथे मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

साधीसायकल

दोघांचंही वाचलं आणि राहवलं नाही. रोजचे आठ-दहा किलोमीटर सपाट रस्ता असेल तर मोटर हवी कशाला? माझी सायकल १२ किलोची आहे, जिना सहज चढवतो. युरोपियन महासंघात २५० वॅटच्या नेहमीच्या ई-सायकलची मोटर ताशी २५ किलोमीटरला साथ सोडते, इतरही अनेक ठिकाणी असंच काहीतरी बंधन आहे. सवय झालेला माणूस सपाटीवर २० ने जातोच. म्हणजे वाचली किती, पाच-सहा मिनिटं. त्यासाठी बॅटरी, चार्जर, कंट्रोलर, वायरिंग एवढा पसारा सांभाळायचा? आणि चार-सहा वर्षांनी ती बॅटरी टाकायची कुठे, तेही कुणी बोलत नाही.

सेलमोज

साधीसायकल, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर. माझा गुडघा दुखावल्यावर डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती. पाच वर्षं सायकल बंद होती, मोटरमुळे परत सुरू झाली. समोरून वारा आला की मी मोटरवर भार टाकतो आणि गुडघ्याला त्रास होऊ देत नाही. माझ्यासाठी प्रश्न पाच मिनिटांचा नव्हता, सायकल चालवता येणार की नाही एवढाच होता.

पण मला खरं बोलायचंय नटबोल्टशी. रेंज नंतरचा प्रश्न? मुळीच नाही, फक्त जाहिरातीतला आकडा बघू नका. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर. निवांत चालवलं तर किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर लागतात, म्हणजे ३६ किलोमीटर. वारा, चढ, साथ वरच्या पातळीवर ठेवली तर १५ धरा, २४ वर आलात. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते: २८८ वॅट-अवर, म्हणजे वाऱ्याच्या दिवशी १९ किलोमीटर. तुमची ये-जा २२ ची असेल तर नवी सायकल मजेत पोचवते, जुनी झाली की घराच्या अलीकडे तीन किलोमीटरवर मोटर बंद. मग ती २४ किलोची सायकल नुसत्या पायांवर. म्हणून रोजच्या गरजेच्या दुप्पट बॅटरी घ्या, किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची परवानगी आधी मिळवा.

बॅटरी जपायचीही असते. मी रोज ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो, महिन्यातून एकदा पूर्ण भरतो, कारण बहुतेक बॅटऱ्यांमध्ये सगळ्या सेलना एका पातळीवर आणायचं काम चार्ज पुरा होत आला की होतं. कडक उन्हातून आल्यावर अर्धा तास तशीच ठेवतो. पारा शून्याखाली असेल तर लिथियम बॅटरी बाहेर थंडीत चार्जच करायची नाही, सेल आतून कायमचे खराब होतात.

चढाचीवाट

८० टक्क्यांचं व्रत मला झेपत नाही. रोज घड्याळ लावून प्लग काढायला उठायचं, आणि नेमकं ज्या दिवशी जास्त फिरावं लागतं त्या दिवशी बॅटरी अपुरी. मी सकाळी निघण्याआधी पूर्ण भरते आणि लगेच वापरायला काढते. पूर्ण भरून आठवडाभर नुसती ठेवणं वाईट, तेवढं पाळते. सुट्टीवर जाताना निम्मी ठेवून जाते.

सेलमोज

हरकत नाही, भरून लगेच वापरलीत तर नुकसान थोडंच. पण एक गोष्ट सोडू नका. माझ्या घरी दोन ई-सायकली आहेत, एक ३६ व्होल्टची, एक ४८ ची. दोन्ही चार्जर काळे, दोन्हींची पिन गोल, अगदी सारखी. एकदा घरातल्या कुणीतरी ४८ वाला चार्जर ३६ च्या बॅटरीला लावला. तो ५४.६ व्होल्ट देतो, आणि त्या बॅटरीची मर्यादा ४२. आतल्या संरक्षक सर्किटने वेळीच वीज तोडली म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही चार्जरना आणि दोन्ही बॅटऱ्यांना रंगीत टेपा गुंडाळल्या, लालला लाल, निळ्याला निळा. चार्जिंग जागेपणी करतो, आणि बाहेर पडायच्या दारापाशी कधीच नाही.

नवीसुरुवात

मी अजून घेतलेली नाही. एका बाजूने १४ किलोमीटर, वाटेत फक्त एक पूल चढायचा. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रहदारी खूप. काय घेऊ?

चढाचीवाट

रहदारी असेल तर टॉर्क सेन्सर बघा. साधा सेन्सर पॅडल फिरतंय एवढंच ओळखतो, त्यामुळे तुम्ही थांबलात तरी मोटर क्षणभर ढकलत राहते. सिग्नलला पुढच्या गाडीच्या मागे उभं राहताना तो क्षण फार मोठा वाटतो. टॉर्क सेन्सर पायाचा जोर ओळखतो. पाय हलका झाला की मोटरही हलकी.

नटबोल्ट

इथे मी चढाचीवाट यांच्या बाजूने. पण टॉर्क सेन्सर असलेली हब मोटरही मिळते, एका पुलासाठी मिड-ड्राइव्ह नको. ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारा स्विच दोन्ही लिव्हरला आहे ना बघा. ब्रेक जमल्यास हायड्रॉलिक डिस्क घ्या. केबलच्या डिस्कला पॅड झिजले की स्वतः आवळावे लागतात, आणि एवढ्या वजनाला पॅड भराभर झिजतात. जोर धरणारा थर एक मिलिमीटरवर आला की बदला. मागच्या चाकाचे स्पोक महिन्यातून एकदा दोन-दोन जोडीने चिमटून बघा. मोटरच्या चाकाचे स्पोक आखूड असतात, एक तुटला की शेजारचे पाठोपाठ जातात.

तिसऱ्या मजल्याचं मात्र नीट ठरवा. खाली सुरक्षित जागा नसेल तर रोज दोनदा ती उचलावी लागेल. बॅटरी काढून, सायकल खांद्यावर घेऊन दोन मजले चढून बघा, दुकानाजवळच कुठला तरी जिना सापडेल.

साधीसायकल

आणि तो जिना जमला नाही, तर एकदा १२ किलोची उचलून बघा. १४ किलोमीटरला सुरुवातीचे दोन आठवडे पाय दुखतील, त्यानंतर कसं वाटतं ते इथे येऊन सांगा.