फोटोचं अक्षरचित्र करताना देवनागरी मात्रा तुटतात

रेघोटी: आजोबांचा कृष्णधवल फोटो 'विठ्ठल' या शब्दातून उभा करायचा आहे, ए३ आकारात. ऑनलाइन साधनात वेलांटी सुटी पडते, ठिपक्यांचं वर्तुळ येतं. शिवाय उतरवलेली एसव्हीजी फाइल मोठी केली की फुटते. व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेलं चित्र, फुटायला नको ना?

बोरू: दुखणी दोन आहेत. 'विठ्ठल' आपल्याला तीन अक्षरं, युनिकोडला (संगणकात प्रत्येक चिन्हाला संकेत देणारी पद्धत) सहा संकेत: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. रोमन लिपीसाठी बनलेली साधनं एका चौकटीत एकच संकेत टाकतात. वेलांटीला टेकायला व्यंजन मिळालं नाही की ते वर्तुळ उमटतं. अशा साधनात 'कमल', 'नयन' असे बिनमात्रेचे शब्दच चालतात.

दुसरं दुखणं: एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. 'इमेज' टॅग आणि 'बेस६४' पुढे अक्षरांची लांबलचक रांग असेल, तर आत पीएनजी, म्हणजे पिक्सेलचं साधं चित्र, गुंडाळलेलं आहे. ते फुटणारच. 'पाथ' म्हणजे रेषांचे टॅग हवेत.

खिळेजुळारी: 'विठ्ठल'च हवा असेल तर इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. मुक्ता फॉन्टमध्ये शब्द लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, मग 'युनियन'. युनियन विसरलात तर शब्द एकसंध वस्तू होत नाही. तो फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवा. मेनूत एडिट, क्लोन, 'क्रिएट टाइल्ड क्लोन्स' निवडा, त्याने शब्दाच्या प्रती (क्लोन) ओळीने मांडल्या जातात. तिथल्या ट्रेस टॅबमध्ये खालचं चित्र ट्रेस करायची खूण करा, उजळपणा निवडा, परिणाम 'साइज'वर द्या. काळोखाच्या जागी शब्द बारीक झाले तर 'इन्व्हर्ट'.

शब्द ६ मिमी रुंद, ओळ ४ मिमी धरली तर २९७ × ४२० मिमी कागदावर ४९ स्तंभ, १०५ ओळी, म्हणजे ५,१४५ शब्द. आधी १० × २० वर चाचणी घ्या, नाहीतर संगणक अडकून बसतो.

बोरू: फोटो कापतानाच निम्मं काम होतं. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी. चेहरा २०० मिमी आला तर डोळ्याला ४० मिमी, म्हणजे सहा शब्द मिळतात. नजर ओळखू येते. पूर्णाकृती फोटोत चेहरा ४० मिमीचा झाला की अख्ख्या डोळ्यावर एकच शब्द पडतो. खांद्यापासून वरचाच भाग घ्या, मागची भिंत पांढरी करा.

रेघोटी: चाचणीत वेलांटी शाबूत आली! छापायला देताना काय बघू?

खिळेजुळारी: खालचा फोटो काढून टाका, क्लोन 'अनलिंक' करा, पीडीएफ द्या. फॉन्टचं जाड वजन (बोल्ड) नको, रेग्युलरच ठेवा. लहान आकारात 'ठ्ठ'च्या पोटातली पोकळी शाईने भरते आणि नुसता डाग दिसतो. १०० टक्के मापात कोपऱ्याचा तुकडा छापून घ्या, तिथला 'ठ्ठ' वाचता आला तर पुढे जा.