आतेभावाला पतसंस्थेत जामीन राहू का? मत्तय ५:४२ डोक्यातून जात नाहीये

नगरकर_पिंपरीत:
जय ख्रिस्त मंडळी. जरा गुंत्याचं आहे, लांब लिहितोय, सांभाळून घ्या. मी मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर, जिभेला सवय व्हायचीये), नोकरी पिंपरीत. माझा आतेभाऊ गावाकडे टेम्पो चालवतो, त्याला पतसंस्थेतून तीन लाख उचलायचेत, इंजिनचं काम करायचं आणि लोकांचे हातउसने फेडायचे म्हणतो. दोन जामीनदार पाहिजेत, त्यातला एक पगारदार, आणि आमच्या अख्ख्या खानदानात सॅलरी स्लिप फक्त माझ्याकडे. याआधी माझ्याकडून नेलेले पैसे परत आलेले नाहीत, मीही कधी विषय काढला नाही, लग्नाकार्यात भेटलो की दोघंही हवापाण्याचं बोलतो आणि जेवायला वेगवेगळ्या पंगतीत बसतो.

बायको सरळ नाही म्हणते, तिचं चूक नाही, होम लोन चालू आहे, मुलीची अकरावीची अॅडमिशन आहे. तिकडून आत्या फोन करून रडते, म्हणते तुझ्या बापाला शिकवायला मी शाळा सोडली. आणि त्यात गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर संदेश दिला, त्यातली हीच मत्तय ५:४२, "जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे, आणि जो तुझ्यापासून उसने घेऊ पाहतो त्याला पाठमोरा होऊ नको". बायकोने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

प्रश्न एवढाच की येशूने असं सरळ सांगितलंय तर मी सही करायला बांधलेला आहे का, आणि नाही म्हटलं तर पुढच्या प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) कोणत्या तोंडाने जाऊ. फक्त "व्यवहार वेगळा, विश्वास वेगळा" असं उत्तर देऊ नका, ते सासऱ्यांनी देऊन झालंय.

मिठाचा_खडा:
भाऊ, सही करू नका. मी अकाउंट्सवाला माणूस, आधी व्यवहाराचं सांगतो कारण लोकांना जामीन म्हणजे ओळखपत्रावरच्या शिक्क्यासारखं काहीतरी वाटतं. करार कायदा १८७२, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे आधी त्याच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं तुम्ही म्हणू शकत नाही, करारात तसं वेगळं लिहिलेलं नसेल तर. हप्ते थकले की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते, त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात, आणि टेम्पोवाल्यापेक्षा पगारदार सापडायला सोपा, पुढचं तुम्हीच समजा. संस्थेला पगारदार जामीन हवा असतो तो याचसाठी, शोभेला नाही.

आता वचन. बायबलातलं शलमोन राजाच्या नावावरचं पुस्तक, नीतिसूत्रे ६ वाचा, पहिल्या पाच ओव्या. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर झोपू नकोस, डोळा लागू देऊ नकोस, जा आणि स्वतःला सोडव, हरणासारखा सुट. २२:२६-२७ मध्ये तर विचारलंय की फेडायला नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण काढून नेऊ द्यायचं का. बायबल जामिनाबद्दल इतकं उघड बोलत असताना अजून काय पाहिजे.

दोन_कोस:
मिठाचा खडा भाऊ, कायद्याचं सगळं मान्य, पण नगरकरांनी येशूबद्दल विचारलं आणि तुम्ही शलमोनाच्या मागे जाऊन उभे राहिलात, आपण सगळे हेच करतो. येशूचं वाक्य अंगावर आलं की नीतिसूत्रं उघडायची.

४२ वी ओवी एकटी वाचू नका, ४० पासून वाचा. "जो तुझ्यावर फिर्याद करून तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला तुझा अंगरखाही घेऊ दे." ही फिर्याद कसली असेल, कर्जाचीच. निर्गम २२ मध्ये नियम आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, रात्री तो काय पांघरणार. म्हणजे येशूसमोर बसलेली माणसं सावकाराला कपडे देण्यापर्यंत पोचलेली होती, पगारदार कमी आणि कर्जदार जास्त. त्या काळच्या यहूदी लोकांमध्ये कर्जाचा राग किती होता बघा, त्या काळचा यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की इ.स. ६६ च्या बंडात लोकांनी यरुशलेमचा दप्तरखाना जाळला, सावकारांचे कागद नष्ट व्हावेत म्हणून. अशा लोकांना येशू म्हणतो मागेल त्याला दे. लूक ६:३४-३५ मध्ये अजून पुढे जातो, परत मिळण्याच्या आशेने तर पापीही उसनं देतात. तेव्हा "माझं होम लोन चालू आहे" हे कारण त्याच्यापुढे कितपत टिकेल हे ज्याने त्याने बघावं. सही कर असं मी म्हणत नाहीये, पण इतक्या स्वस्तात सुटू नका.

मिठाचा_खडा:
अहो मग दहा कुमारींचं काय करता? मत्तय २५, पाच शहाण्यांनी बाकीच्या पाचजणींना दिव्याचं तेल दिलंच नाही, म्हणाल्या तुम्हाआम्हाला पुरणार नाही, जा विकत आणा. आणि येशू त्यांना शहाण्या म्हणतो!

दोन_कोस:
तो दाखला जागं राहण्याचा आहे, उधारीचा नाही. असं ओढून ताणून घेतलं तर अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावरून (धन्याच्या कर्जदारांचे आकडे कमी करून देणारा, तरी धन्याने वाखाणलेला) खोटी बिलं पण करता येतील 😄

वसईची_पोर:
मी कॅथलिक आहे, मध्ये तोंड घालते, चालेल ना. मला वाटतं दे म्हणजे जे मागितलं तेच दे असं होत नाही, कारण येशूने स्वतः तसं केलं नाही. लूक १२ मध्ये गर्दीतला एक जण म्हणतो गुरुजी माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा, अगदी आपल्याकडची सातबाऱ्याची भांडणं, आणि येशू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं. नाहीच म्हणाला की. मार्क १० मध्ये याकोब आणि योहान उजवीडावीकडची जागा मागतात, तिथेही नाही. पण दोन्ही वेळा तो निघून गेला नाही, बोलत बसला, एकदा लोभावर आणि एकदा सेवेवर. म्हणजे मागणं नाकारलं पण माणसाला पाठ दाखवली नाही. मला तुमच्या प्रश्नात हेच महत्त्वाचं वाटतं दादा, सहीचं नंतर, पण लग्नात वेगळ्या पंगतीत बसणं म्हणजे पाठमोरं होणंच झालं ना, रागावू नका.

आणि एकट्यानेच का उचलायचं हे? आमच्याकडे वसईला १९१८ साली मोन्सिनॉर मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने पतपेढी निघाली, तीच आताची बसीन कॅथॉलिक बँक, कोणा एका नातेवाईकाच्या गळ्यात सगळं पडू नये हा त्यातला फायदा. आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत) सेंट विन्सेंट द पॉल सोसायटी पण आहे, १८३३ मध्ये पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेली. त्यांची पद्धत मला फार आवडते, अर्ज मागवत नाहीत, दोघं दोघं मिळून घरी जातात, बसतात, चहा घेतात, घरात खरंच काय कमी आहे ते बघतात आणि बाहेर कोणाला सांगत नाहीत. कधी रेशन, कधी शाळेची फी, कधी नुसतं रुग्णालयात सोबत. तुमच्या मंडळीत असं काही नसेल तर तुम्ही आणि अजून एक जण जा. घरी जा, फोनवर नको.

नाव_नको:
मी आतेभावाच्या बाजूने बोलतो कारण मी तोच आहे, म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्या कोणाचा. धंदा बसला तेव्हा मंडळीतल्या बऱ्याच जणांकडून घेतलं होतं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचा राग चार दिवस राहिला, गेला. ज्यांनी दिलं आणि मग उपासना सुटली की माझ्या बाजूच्या दाराने बाहेर पडणं बंद केलं, त्यांच्यामुळे मी चर्च सोडलं. पैसे मागितले असते तरी चाललं असतं हो, निदान महिन्याला पाचशे देतो म्हणता तरी आलं असतं. न मागता गप्प राहिले की आपल्याला कळतं, यांनी आपल्याला सोडून दिलंय.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात २४:१०-११ बघा, कोणी मला दाखवलं होतं. गहाण घ्यायला गेलास तर त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. कर्जदाराचा उंबरठा सुद्धा देवाने राखलाय. दुसरं असं की भावाला विचारा तीन लाखात इंजिन किती आणि जुनी देणी किती. माझ्यासारखं असेल तर इंजिन कमीच असणार. नव्या कर्जाने जुनं फेडायचं चक्र चालू असेल तर जामीन देऊन तुम्ही त्याला अजून खोल घालवाल, ते प्रेम नाही. आणि आत्याला त्यातलं अर्धंही माहीत नसेल.

नगरकर_पिंपरीत:
सगळ्यांचे आभार, नाव नको भाऊ तुमचं दोनदा वाचलं आणि बायकोलाही वाचून दाखवलं. काल भावाला फोन केला, नुसतं विचारलं किती देणं आहे, कोणाकोणाचं. आधी म्हणाला तू सही करणार नसशील तर सोड, मग बऱ्याच वेळाने हिशोब निघाला. इंजिनचं काम ऐंशी-नव्वद हजाराचं, बाकी सगळी देणी, त्यात दोघं जण महिन्याला शेकडा पाचने घेणारे. हे आत्याला खरंच माहीत नाही.

आम्ही दोघांनी ठरवलंय की जामीन नाही. इंजिनचे पैसे आमच्याने जेवढे होतील तेवढे गॅरेजवाल्याला थेट देतो आणि ते परत येतील हे धरत नाही, लूक ६ प्रमाणे, वहीत पण लिहायचं नाही असं बायकोच म्हणाली (मला वाटलं नव्हतं ती म्हणेल). जुने पण सोडले, पण हे त्याला तोंडाने सांगायचंय, नाहीतर पुन्हा हवापाणीच होईल. शेकडा पाचवाल्यांचं काय करायचं ते कळत नाहीये, मिठाचा खडा भाऊ काही सुचतंय का?

मिठाचा_खडा:
लायसन्स आहे का त्यांच्याकडे ते विचारा आधी. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे, बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. पण लगेच धमकी देऊ नका, आधी त्याने किती घेतलं आणि किती दिलं याचा कागद करा, बऱ्याचदा मुद्दल केव्हाच फिटलेलं असतं. हिशोब मला इथे मेसेजमध्ये टाका, नावं काढून, मी बघतो. गाडी त्याच्याच नावावर आहे ना, ते आरसी बुकात बघून घ्या.

दोन_कोस:
जुने सोडले हे सांगायला जाताना आत्यासमोर सांगू नका फक्त, मत्तय १८:१५ सारखं दोघंच असताना. तिच्यासमोर तो मान वर करू शकणार नाही.

वसईची_पोर:
आणि आत्याला जामिनाचं नाही कोण सांगणार? ते पण तुम्हीच दादा, वहिनीवर ढकलू नका 🙂

नगरकर_पिंपरीत:
ढकलणारच होतो 😅 शनिवारी जातोय, दोघंही.